दीड वर्षाच्या बूस्टरच्या दिवशी वीस प्रश्नही विचारा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बाळ १६ ते २४ महिन्यांचे झाले की गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लशीचा पहिला बूस्टर देण्यासाठी आईवडील त्याला मनपाच्या आरोग्य केंद्रात, अंगणवाडीत किंवा धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जातात. बाळाचे वजन होते, इंजेक्शन दिले जाते, ताप आला तर कोणते औषध किती द्यायचे ते सांगितले जाते आणि कार्डावर पुढची तारीख पडते. स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, लक्षणे साधे प्रश्न विचारून टिपता येतात ते वय नेमके हेच आहे. तरीही बाळ बोटाने काही दाखवते का, हाक मारली की वळून पाहते का, एवढेही या भेटीत सहसा कोणी विचारत नाही. आपल्या नागपूर शहरात ही भेट वाया जाऊ नये, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

जगभर वापरली जाणारी ‘एम-चॅट’ ही प्रश्नावली १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. तिच्या सुधारित आवृत्तीत २० प्रश्न असून त्यांची उत्तरे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच द्यायची असतात. खोलीच्या दुसऱ्या टोकाची वस्तू तुम्ही दाखवली तर मूल तिकडे पाहते का, हवे ते मागण्यासाठी एक बोट पुढे करते का, आवडलेली गोष्ट तुम्हीही पाहावी म्हणून ती दाखवते का, रिकाम्या कपातून प्यायल्याचा खेळ खेळते का, अशा धर्तीचे हे प्रश्न आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची शिफारस अशी आहे की, पालकांनी काळजी बोलून दाखवली असो वा नसो, सर्वच मुलांची ऑटिझमसाठी चाळणी १८ आणि २४ महिन्यांना व्हावी. पालक काळजी बोलून दाखवतील याची वाट पाहण्यात धोका आहे, कारण या वयातली बरीच लक्षणे म्हणजे काहीतरी घडण्याऐवजी काहीतरी न घडणे असते. रडणाऱ्या बाळाकडे सगळ्यांचे लक्ष जाते. तासन्‌तास एकटे खेळणारे, कुणाला हाक न मारणारे बाळ मात्र ‘किती शहाणे आहे, मुळीच त्रास देत नाही’ म्हणून कौतुकाचे होते. त्यातून पहिलेच मूल असेल तर तुलना करायला घरात दुसरे मूलही नसते.

माझा मुलगा आता तीन वर्षांचा होत आला आहे आणि त्याचे मूल्यमापन सध्या सुरू आहे. निदानाचा कागद अजून हाती आलेला नाही. गेल्या तान्ह्या पोळ्याला त्याच्या आजोबांनी त्याला चाकांचा लाकडी नंदी आणून दिला. गल्लीतली मुले नंदी ओढत घरोघर बोजारा, म्हणजे सणाचे पैसे-खाऊ, मागत फिरत होती. याने नंदी उलटा केला, डोके जमिनीला टेकवले आणि डोळ्यांच्या अगदी जवळून एकच चाक बोटाने फिरवत तो बराच वेळ पडून राहिला. ते मागचे चाक किंचित अडखळत फिरत असे आणि त्याला नेमके तेच हवे असे. बाकीच्या तीन चाकांना त्याने हातही लावला नाही. नावाने हाक मारली तर तो मान वळवत नव्हता, मात्र स्वयंपाकघरात बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजला की धावत येत असे. ‘पोट्टा आहे, बोलन ना हळूहळू’, असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणाली, त्याचे बाबाही उशिराच बोलायला लागले होते याची आठवण निघाली, आणि एका डॉक्टरांनीही पाच वर्षांपर्यंत वाट पाहायला हरकत नाही असेच सांगितले. घरच्यांचा धीर प्रेमातून येतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु वैद्यकीय सल्ला म्हणून ‘वाट पाहा’ असे सांगणे मला मान्य नाही. वर्षाचे मूल बोटाने दाखवत नसेल किंवा बाय-बाय करत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द आला नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात बोलायचे थांबले असतील, तर तपासणी लगेच व्हायला हवी, आणि त्यातही सर्वप्रथम कानांची. पुड्याचा आवाज ऐकू येतो म्हणजे कान ठीक आहेत असे घरी बसून ठरवता येत नाही, त्यासाठी बेरा, म्हणजे आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद यंत्राने मोजणारी, चाचणी करून घ्यावी लागते.

बूस्टर आणि ऑटिझम यांचा उल्लेख एकत्र करताना, या लशींमुळेच ऑटिझम होतो अशी अफवा अजूनही पालकांच्या गटांमध्ये फिरत असते, याची मला पूर्ण जाणीव आहे. तिचे मूळ १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, अवघ्या १२ मुलांवर आधारलेल्या एका निबंधात आहे. तो निबंध त्या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला आणि त्याचा मुख्य लेखक अँड्र्यू वेकफिल्ड याचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातही गोवराच्या लशीचा व ऑटिझमचा काही संबंध आढळला नाही. लक्षणे ठळकपणे दिसू लागण्याचे वय आणि लशीचे वय एकच पडते, म्हणून पालकांच्या मनात ती सांगड बसते. माझ्या मते या शंकेवरही उत्तम उपाय हाच आहे की लस देण्यापूर्वी, त्याच खुर्चीवर बसून, हे प्रश्न विचारले जावेत.

आपल्याकडे व्यवस्था नाही असे नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाची तपासणी समाविष्ट आहे, फिरती पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा भेट देतात आणि पुढील तपासणी व थेरपीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. पण पथकाच्या त्या भेटीच्या दिवशी जे मूल अंगणवाडीत नसेल ते निसटते, आणि जे मूल अंगणवाडीत कधी जातच नाही, खासगी नर्सरीत जाते, त्याच्यापर्यंत हे पथक पोहोचत नाही. शहरातल्या नोकरदार कुटुंबांची बहुतेक मुले या दुसऱ्या गटात मोडतात. लस मात्र दोन्ही गटांतली मुले घेतात. सरकारच्या माता व बाल संरक्षण कार्डावर कोणत्या महिन्यात बाळाने काय करायला हवे त्याची चित्रे छापलेली असतात. माझ्या परिचयातील ज्या आयांची कार्डे मी पाहिली, त्यांत लसींच्या रकान्यात तारखा व्यवस्थित भरलेल्या होत्या आणि चित्रांच्या पानावर पेन टेकलेलेही नव्हते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रश्नावलीने निदान होत नाही, मग आईवडिलांना विनाकारण घाबरवायचे कशाला? म्हणूनच या प्रश्नावलीत दुसरा टप्पा आहे: ज्या उत्तरांनी शंका निर्माण होते तेवढ्याच प्रश्नांवर पालकांशी उदाहरणांसह पुन्हा बोलायचे. सुधारित आवृत्तीच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही टप्प्यांनंतरही शंका कायम राहिलेल्या आणि तपासल्या गेलेल्या मुलांपैकी सुमारे निम्म्या मुलांमध्ये ऑटिझम आढळला, आणि सुमारे ९५ टक्के मुलांना विकासाची कोणती ना कोणती अडचण होतीच. म्हणजे ज्यांना ऑटिझम नव्हता त्यांनाही बहुतांशी मदत हवी होती.

ही मदत निदानाच्या कागदाची वाट पाहत थांबून राहू नये, असे मला अतिशय आग्रहाने म्हणावेसे वाटते. तज्ज्ञ थोडे आहेत, त्यांच्याकडे रांग मोठी असते आणि भंडारा-गडचिरोलीकडून पहाटेच्या एसटीने मूल मांडीवर घेऊन येणाऱ्या पालकांना पुढची तारीख मिळण्यात महिने जातात. या काळात घरी करण्यासारखे बरेच असते. आमच्या थेरपिस्टने शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे मुलाच्या हातातला खेळ काढून न घेता त्यातच शिरायचे: तो चाक फिरवतो तर आपणही समोर बसून चाक फिरवायचे, मध्येच थांबायचे आणि तो आपल्या तोंडाकडे पाहील तोवर गप्प राहायचे. पाहिले की लगेच ‘फिरव’ म्हणून चाक सोडायचे. गोवा आणि रावळपिंडी येथे २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांच्या कुटुंबांसोबत झालेल्या, २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याच प्रकारचे मार्गदर्शन पालकांना देण्यात आले. ते देणारे कार्यकर्ते या विषयातले तज्ज्ञ नव्हते, त्यांना त्यासाठी प्रशिक्षण दिले होते, आणि पालकांचा प्रतिसाद व मुलांनी आपणहून साधलेला संवाद या दोन्हींत सुधारणा दिसली. गोव्यात हे जमते तर नागपूरच्या आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकांना, योग्य प्रशिक्षण आणि त्या कामाचा योग्य मोबदला देऊन, ते का जमू नये?

आईने मोबाइल दिला म्हणून, आई नोकरीवर जाते म्हणून मूल असे झाले, हे ऐकून घेणाऱ्या अनेक आया मला थेरपी केंद्राच्या बाकावर भेटतात. आईच्या वागण्यामुळे ऑटिझम होतो ही कल्पना विज्ञानाने केव्हाच टाकून दिली आहे. पडद्यासमोरचा वेळ कमी करणे चांगलेच, कारण त्यामुळे बोलण्या-खेळण्याला वेळ मिळतो. परंतु मोबाइल बंद केला की ऑटिझम जातो असे सांगणे खोटे आहे, आणि स्टेम सेलने तो बरा होतो असे सांगून पालकांकडून लाखो रुपये घेणे हा तर सरळ अन्याय आहे.

महानगरपालिकेचा आरोग्य विभाग, जिल्हा परिषद आणि शहरातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटना यांनी एकत्र बसून बूस्टरच्या भेटीत हे प्रश्न विचारण्याचा निर्णय घ्यावा, अशी माझी विनंती आहे. प्रश्न मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत छापलेले असावेत, लसीच्या रांगेत बसल्या बसल्या पालकांना ते भरता यावेत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना परिचारिकेने ते वाचून दाखवावेत. खासगी दवाखान्यांनीही तेच पान वापरावे, म्हणजे शहरातल्या सर्व मुलांना एकच चाळणी लागू होईल. उत्तरांमध्ये शंका आली तर ‘बघू’ म्हणून पालकांना परत पाठवू नये. कानांच्या तपासणीची चिठ्ठी आणि पुढच्या भेटीची तारीख, या दोन्ही गोष्टी त्यांच्या हाती त्याच दिवशी पडाव्यात.

आपली,
एक आई
त्रिमूर्तीनगर, नागपूर