खिडक्या-बाल्कनीच्या ग्रिलबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

मे महिन्याची सुट्टी लागली आहे, मुलं दिवसभर घरात आहेत. परवा बी विंगमध्ये चौथ्या मजल्यावर एक चिमुरडी खिडकीला लावलेल्या दिवाणावर चढून मच्छरदाणीच्या जाळीला टेकून खाली कबुतरं बघत होती. वॉचमनने इंटरकॉमवर कळवलं म्हणून निभावलं. लक्षात घ्या, जाळी डास अडवते, मूल नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात अशा अपघातांचा नीट अभ्यास झाला आणि १९७६ पासून तिथे दहा वर्षांपर्यंतची मुलं राहत असलेल्या फ्लॅटना खिडकीला गार्ड सक्तीचे झाले. नुसतं 'लक्ष ठेवा' सांगून भागत नाही, हे त्यांना पन्नास वर्षांपूर्वी कळलं. आपल्याकडे अजून 'इमारतीचा लूक जातो' यावर वाद चालतो. असो.

ग्रिलच्या दोन गजांत १० सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको. आडव्या पट्ट्या टाळा, मुलांना ती शिडीच होते. आग लागली तर बाहेर पडायला एक उघडणारा भाग हवाच. त्याला कुलूप असेल तर किल्ली मोठ्यांना पटकन सापडेल अशी ठेवा. दिवाण, खुर्ची, उलटी बादली, कुंड्यांचा स्टँड खिडकी-बाल्कनीपासून आजच हलवा. याला खर्च नाही.

ग्रिलवाला रविवारी सकाळी ११ वाजता मापं घ्यायला येतोय. नावं शनिवारपर्यंत ऑफिसात द्यावीत. भाडेकरूंच्या घरांसाठी मालकांनी टाळाटाळ करू नये.

– सेक्रेटरी