पत्रास कारण की, भीमाला पिल्लू झालंय

उदगीर,
येळवशीचा दुसरा दिवस

प्रिय सुध्या,

काल येळवस झाली, आपला शेतातला वेळ अमावस्येचा सण. तू यंदाही आला नाहीस. आईनं सवयीनं तुझ्या वाटणीची भज्जी आणि उंडे वेगळे काढले, मग "तो पुण्यात, खाणार कोण" म्हणत माझ्याच ताटात वाढले. कोपीतल्या पांडवांची पूजा झाली, अंबील पिऊन सगळे जिथं जागा मिळेल तिथं लवंडले, आणि मी बांधावरच्या लिंबाखाली तुझ्या मामानं मस्कतहून आणलेला तो गेमबॉय घेऊन बसलो. हो, तोच. त्याचंच सांगायला हे पत्र लिहायलोय. लांबेल, सवडीनं वाच.

पावसाळ्याच्या आधी माळ्यावरची पेटी उपसली, तेव्हा स्वेटरमध्ये गुंडाळलेला सापडला. चार्जरला लावून दिवा लागेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ते हिरवं पारदर्शक पोकेमॉन एमराल्डचं कार्ट्रिज आतच होतं. चालू केलं तर पहिलीच सूचना आली : आतली बॅटरी संपली आहे, खेळता येईल, पण घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी आता होणार नाहीत. काळजात धस्स झालं. वाटलं, सगळं पुसलं गेलं. पण तसं नव्हतं. आपला खेळ साठतो तो फ्लॅश मेमरीत, ती बारकी बॅटरी फक्त घड्याळापुरती. आत गेलो तर आपला पोकेमॉन भीमा पहिल्याच जागेवर. जात स्वॅम्पर्ट, लेव्हल १००. आपण ठेवला तसाच.

सुध्या, आता मुद्द्याचं. बारावीच्या दिवाळीत लातूरच्या त्या पोराशी केबल लावून झालेली लढत तुला आठवते ना? त्याचा मेटाग्रॉस आणि आपला भीमा. पहिला वार आपलाच झाला होता. भीमानं अर्थक्वेक मारला, पोलादी गड्यावर दुप्पट बसणारा, आणि तरी मेटाग्रॉसचं निम्म्याहून थोडंच जास्त रक्त गेलं. पुढच्या दोन वारांत भीमा आडवा. घरी येताना किल्ल्याच्या रस्त्यावर मी तुला बोललो होतो की तू लोडशेडिंगमध्ये रात्ररात्र नुसता गुहेत भटकतोस, नीट तयार करत नाहीस. तू काही बोलला नाहीस, गेमबॉय माझ्या हातात दिलास आणि परत कधी मागितला नाहीस. त्या बोलण्याची मला आजही खंत आहे. चूक तुझी नव्हती. निदान तुझ्या एकट्याची तर नव्हतीच, हे मी आता आकड्यांत दाखवू शकतो.

या खेळात प्रत्येक जिवाचे सहा गुण : एचपी म्हणजे रक्त, अटॅक, डिफेन्स, स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स, स्पीड. प्रत्येक गुणात जन्मजात ० ते ३१ असा एक आकडा दडलेला असतो, त्याला आयव्ही म्हणतात. तो बदलत नाही. मग नेचर, म्हणजे स्वभाव. एकूण पंचवीस, त्यातले पाच सोडले तर बाकीचे एक गुण दहा टक्क्यांनी वाढवतात आणि दुसरा दहा टक्क्यांनी कापतात. आपला भीमा टिमिड. त्याला स्पीड जास्त, अटॅक कमी. अंगमेहनतीच्या गड्याला नेमका उलटा स्वभाव. आणि तिसरी गोष्ट ईव्ही, म्हणजे आपण करून घेतलेली मेहनत. आपण कुणाला हरवतो त्यावर ती ठरते, आणि आपल्याला हेच माहीत नव्हतं. समोरचा किती तगडा, त्याची लेव्हल किती, याला काही अर्थ नाही. तो कोण आहे एवढंच मोजलं जातं. झुबॅट हरवला की स्पीडमध्ये एक, गोलबॅट हरवला की दोन. विंगल स्पीडच देतो. टेंटाकूल स्पेशल डिफेन्स देतो. तू रात्री व्हिक्टरी रोडच्या गुहेत गोलबॅट मारत होतास आणि मी दिवसा समुद्रावर विंगल आणि टेंटाकूल. दोघांनी मिळून त्या भल्यामोठ्या चिखलातल्या गड्याला पळायला शिकवलं आणि त्याच्या मनगटात काहीच घातलं नाही.

मेहनतीलाही माप असतं. सगळे गुण मिळून ५१० पॉइंट, त्यापुढं एक थेंब शिरत नाही. चार पॉइंटांचा शंभराव्या लेव्हलला एक अंक होतो. एका गुणात उपयोगाचे २५२, म्हणजे ६३ अंक. आता भीमाचे आकडे बघ : अटॅक २१४, स्पीड २०९. नीट वाढवलेल्या, ॲडमंट स्वभावाच्या स्वॅम्पर्टचा अटॅक ३५० पर्यंत जातो. तोच अर्थक्वेक दीडपटीहून जोरात बसला असता, आणि मेटाग्रॉस एकाच वारात जवळजवळ संपलाच असता. आणि पहिला वार आपला कसा झाला, हे तेव्हा आपल्या डोक्यातही आलं नाही. मेटाग्रॉस मुळात स्वॅम्पर्टहून चपळ आहे. भीमा त्याच्या आधी हलला तो आपण भरलेल्या त्या स्पीडमुळं. म्हणजे आपली मेहनत वाया गेली नव्हती. ती भीमाच्या अंगात होती, आपल्या डोळ्यांसमोर चालली होती, फक्त आपल्याला वाचता आली नाही.

आणखी एक. स्लेटपोर्टच्या बाजारातल्या त्या बाईनं भीमाला एफर्ट रिबन दिली, तेव्हा तू पळत माझ्या घरी आला होतास. ती रिबन ५१० भरले की मिळते! म्हणजे ती मिळाली त्या दिवशीच भीमाचं पोतं गळ्यापर्यंत भरलं होतं. नंतर आपण ९,८०० रुपये जमवून, हो, खेळातलेच रुपये, प्रोटीनची, म्हणजे अटॅकची मेहनत वाढवणारी बाटली आणली आणि पाजायला गेलो तर काही परिणाम होणार नाही असं आलं. तू म्हणालास, कार्ट्रिज बिघडलंय. बिघडलं नव्हतं रे. पोटात जागाच नव्हती.

हे कळल्यावर दोन रात्री मला झोप आली नाही. एमराल्डमध्ये सहा जातींची फळं अशी आहेत की एक खाऊ घातलं की त्या-त्या गुणातली मेहनत दहानं उतरते. स्पीडसाठी टमाटो बेरी. आधीच्या रूबी-सफायर या खेळांत ही सोय नव्हती, एमराल्डमध्ये आली. पण झाडं घड्याळावर वाढतात आणि घड्याळ तर मेलेलं. किती पाणी घातलं तरी रोप जमिनीतून वर येत नाही. पिशवी उपसली, तीन टमाटो निघाल्या. तीन म्हणजे तीस. इथं शेकड्यानं उतरवायचे आहेत. कार्ट्रिज उघडून नवी बॅटरी डाग देऊन बसवता येते, पण जुन्या गड्याच्या तब्येतीशी खेळ करायचं माझं धाडस झालं नाही. त्या तीन बेऱ्या तशाच ठेवल्यात.

मग एक दिवस देवणीकडच्या एका वस्तीवर गाय तपासायला गेलो होतो. वानेरी गाय, अर्धं तोंड काळं, उभी राहिली की बघतच राहावं. मालक म्हणाला, "साहेब, हिची आई थकली, पण रक्त आहे की." मी मोटारसायकलवर बसलो आणि वाटेतच थांबलो. डे-केअरला, जिथं दोघांची जोडी सोडली की अंडं मिळतं, तिथं घड्याळ लागत नाही! ते चालतं पावलांवर. आणि अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अंगात मेहनत शून्य असते. कोरी पाटी. वर आईबापांच्या जन्मजात आकड्यांतले जास्तीत जास्त तीन त्याच्याकडं येतात.

तेव्हापासून रोज रात्री तासभर हेच. भीमा नर, म्हणून जोडीला डिट्टो पाहिजे, जवळपास कुणाशीही जोडी जमणारा जीव. ११४ नंबरच्या रस्त्यावर फॉसिल मॅनियाकच्या घरापलीकडं बोगदा आहे, तिथं डिट्टो मिळतात. पकडत गेलो. अकरावा ॲडमंट निघाला : अटॅक दहा टक्के जास्त, स्पेशल अटॅक दहा टक्के कमी. त्याच्याकडं एव्हरस्टोन दिला की निम्म्या वेळा पिल्लाचा स्वभाव त्याच्यासारखा येतो. भीमा आणि तो, दोघांना ११७ नंबरच्या रस्त्यावरच्या म्हातारा-म्हातारीकडं सोडलं. मडकिपचं, म्हणजे स्वॅम्पर्टच्या पिल्लाचं, अंडं फुटायला ५,१२० पावलं लागतात. सोबत स्लग्मा ठेवला की त्याच्या उबेनं निम्मीच. मॉविलपासून सायकलवर किती फेऱ्या मारल्या असतील, मोजल्या नाहीत. अंडी मात्र मोजली, सदतीस.

ते जन्मजात ० ते ३१ चे आकडे कुठं लिहिलेले नसतात, हेच यात अवघड. पिल्लू पाचव्या लेव्हलचं जन्मतं आणि त्या वयात सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट पिल्लात एका अंकाचा फरक दिसतो. मी कागदावर मांडून बघितलं. ॲडमंट मडकिपचा पाचव्या लेव्हलला अटॅक १३ तरी असतो नाहीतर १४. चौदा असेल तर आत वीस किंवा जास्त आहे. एचपी २० नाहीतर २१, एकवीस असेल तर तिथंही वीस किंवा जास्त. एवढंच बघायचं. बास. तुला आमचे आजोबा आठवतात ना, माळेगावच्या जत्रेत गोऱ्हा घ्यायचे ते? दात बघायचे, वशिंडावर हात ठेवायचे, चार पावलं चालवायचे, आणि मग बराच वेळ नुसते उभे राहायचे. मला तेव्हा वाटायचं, आता अजून काय बघायलेत. तेरा की चौदा हे बघायलो तेव्हा मला त्यांचं ते उभं राहणं समजलं.

एकतिसाव्या अंड्यात अटॅक चौदा होता, पण स्वभाव वाकडा. चौतिसाव्यात स्वभाव बरोबर, एचपी वीस. सदतिसाव्या अंड्याला मी स्वयंपाकघरात उभा होतो, दुधावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. ॲडमंट. अटॅक १४. एचपी २१. दूध उतू गेलं. बायको बोलायला आली आणि माझं तोंड बघून गप्प बसली.

पुढची मेहनत कुठं करायची? तर आपण जिथनं खेळ सुरू केला तिथंच. घर सोडल्यावरचं पहिलं गवत, १०१ नंबरचा रस्ता. तिथं जवळपास सारखेच दोन जीव निघतात. पूचिएना अटॅकचा एक देतो, वर्मपल एचपीचा एक. स्वॅम्पर्टला पाहिजे ते दोन्ही गावच्या शिवेवरच होतं आणि आपण त्याच्या शोधात समुद्र ओलांडून गेलो. अधूनमधून झिगझॅगून येतो, तो स्पीड देतो. तो दिसला की पळ काढायचा, मारायचा नाही. विन्स्ट्रेट घराण्याला हरवून मिळालेला माचो ब्रेस पिल्लाला घातलाय. त्यानं स्पीड निम्मा होतो, पण मेहनत दुप्पट मोजली जाते. म्हणजे २५२ साठी १२६ पूचिएना.

प्रोटीन घेऊन पहिले शंभर झटक्यात भरता आले असते. दहा बाटल्या, पैसे होते. नाही घेतल्या. भीमाच्या वेळी काय भरतोय हे न बघता भरलं, यावेळी एकेक बघून भरायचं होतं. दोनशे पानी वहीत पाच-पाचच्या काड्या मारल्यात, आपण गल्लीतल्या क्रिकेटला धावा मांडायचो तशा. शंभराव्या काडीला पिल्लू नेहमीसारखंच पाण्याची चूळ मारून बाजूला झालं, त्याला काय माहीत. मी मात्र वही मिटून अंगणात एक चक्कर मारून आलो.

एकशेसव्विसावी काडी काल लिंबाखाली पडली. अटॅक पूर्ण झाला. वर्मपल आजवर एकही मारलेला नाही, दरवेळी पळालो. मुद्दाम. एचपीचे २५२ तुझे आहेत.

गेमबॉय, चार्जर आणि वही उद्या भाच्याबरोबर पाठवतोय, तो रात्रीच्या गाडीनं पुण्याला यायलाय. आता हे नीट वाच. सोळाव्या लेव्हलला ते मार्शटॉम्प, म्हणजे स्वॅम्पर्टच्या आधीचं मधलं रूप, व्हायला निघालं होतं, मी बी दाबून थांबवलं. ते तुझ्यासमोर व्हावं असं वाटलं. पुढच्या लेव्हलला परत निघेल, तेव्हा तू बटणाला हात लावू नकोस. ब्रेस काढू नकोस. १२६ वर्मपल, वहीचं सातवं पान कोरं ठेवलंय तिथं काड्या मार. मग सहा उरतील. ग्रॅनाइट केव्हमध्ये तीन जिओड्यूड मार, डिफेन्समध्ये सहा जातील. चारांचाच एक अंक होतो, दोन वाया, पण ५१० भरायला सहाही लागतात. बरोबर ५१० झाले की स्लेटपोर्टला त्या बाईकडं जा. एखादी काडी चुकली असेल तर ती रिबन देणार नाही, म्हणून घाई करू नकोस, रात्री थकल्यावर खेळू नकोस.

भीमा पहिल्या बॉक्समध्ये आहे. त्या तीन टमाटो त्याला द्यायच्या की नाही, ते तू ठरव. आकड्यानं काही मोठा फरक पडणार नाही, पण ती बेरी खाल्ली की त्याची माया वाढते, असं खेळातच आहे.

पिल्लाला मी नाव दिलेलं नाही, नुसतं मडकिप आहे. स्लेटपोर्टलाच नावं बदलून देणारा माणूस बसतो. रिबन घेतलीस की तिथनंच त्याच्याकडं जा. नाव इंग्रजी दहा अक्षरांत बसलं पाहिजे. काय ठेवलंस ते मला कळव.

वहिनींना नमस्कार, लेकराला पापा.

तुझा,
दिगू