साठीपुढच्या पुरुषांना दारूबद्दल विचारा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

प्राथमिक आरोग्य केंद्रात साठी ओलांडलेला पुरुष आला की त्याचा बीपी मोजतात, शुगर तपासतात, गोळ्या देतात. दारू किती घेता, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. वर्षातून एकदा तरी ते विचारले जावे, एवढ्यासाठी हे पत्र.

‘फॉर्ममध्ये आहे की’, असे उत्तर येईल. तिशीवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका पाहणारी प्रश्नावली) आशाताई भरतात, त्यात दारूचा प्रश्न आहे: रोज पिता का? पण विचारणार कोण? गावचीच सून. कुणाला? नात्याने चुलत सासरे लागणाऱ्या माणसाला, त्याच्याच ओसरीवर, घरच्यांसमोर. तो ‘नाही’ म्हणतो, ती ‘नाही’ लिहिते. शिवाय फक्त बाजाराच्या दिवशी दोन क्वार्टर रिचवणाऱ्याचे ‘रोज नाही’ हे उत्तर खरेच असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या दारूविषयीच्या ‘ऑडिट’ प्रश्नावलीतले पहिले तीन प्रश्न सुरुवातीला पुरेत: किती वेळा घेता, एका वेळी किती, आणि एका बैठकीत सहा किंवा जास्त मापे कितीदा होतात. माप मात्र आपल्याकडचे हवे. पेशंट ‘एकच घेतो’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा १८० मिलीची क्वार्टर सांगत असतो. ४२.८ टक्के तीव्रतेच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असते. १० ग्रॅमचे एक माप धरले तर ती सहा मापे झाली, आणि कागदावर मात्र ‘एक’ लागते.

उतारवयात शरीरातले पाणी कमी होते, त्यामुळे चाळिशीत झेपत होती तेवढीच दारू जास्त चढते. त्यात मधुमेहावरची ग्लिमेपिराइडची गोळी आणि जेवण न करता झोपणे, म्हणजे रात्रीत साखर धोकादायक खाली जाऊ शकते. बीपीच्या गोळीवर दारू घेतली की पहाटे लघवीला उठताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते. बीपी आटोक्यात येत नाही म्हणून डोस वाढवत नेलेले आजोबा मी तपासले आहेत. केस पेपरभर दारूचा उल्लेख नसतो. वडीलधाऱ्याला कसे विचारायचे, या संकोचाने तरुण नर्सही गप्प राहते.

शेजारच्या गोव्यात ‘संगत’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे करून पाहिले. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी पुरुष रुग्णांशी मोजक्या बैठका केल्या. २०१७ च्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी आधीचे दोन आठवडे दारूला न शिवलेले ४२ टक्के होते, समुपदेशन न मिळालेल्यांत १८ टक्के. पण त्यात वयाची मर्यादा ६५ होती. त्यापुढच्यांसाठी आपल्यालाच सुरुवात करावी लागेल.

एक काळजी घ्यावी. रोज भरपूर पिणाऱ्याला ‘उद्यापासून बंद’ असे सांगून घरी पाठवू नये. दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, फिट येते, भ्रम होतो, जीवही जातो. अशांना दाखल करण्याची आणि थायमिनची (बी-१ जीवनसत्त्वाची) सोय आधी हवी.

आणि सर्वांत आधी एक परिपत्रक काढा. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने राज्यात पिण्यासाठी परवाना लागतो, वर्धा-गडचिरोलीत तर बंदीच आहे. अशा वेळी म्हातारा माणूस खरे कशाला सांगेल? दिलेले उत्तर केस पेपरपुरतेच राहील, पोलिसांकडे किंवा घरच्यांकडे जाणार नाही, आणि प्रश्न आशाताईने ओसरीवर नव्हे तर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने दार लावून विचारायचा, हे त्यात लेखी असावे.

आपला,
ग्रामीण भागातील एक डॉक्टर