राज्यपालसाहेब, एक शुद्धिपत्रक काढा

प्रति,
मा. रिचर्ड येट्स,
राज्यपाल, इलिनॉय (1861 ते 1865),
स्प्रिंगफील्ड.

विषय: 21 व्या इलिनॉय पलटणीच्या कर्नलपदी कॅप्टन युलिसिस ग्रँट यांची नेमणूक, जून 1861.
संदर्भ: अर्जदाराचा अर्ज नाही. तक्रार त्यावरूनच आहे.

महोदय,

तुम्ही 1873 मध्ये गेलात, तेव्हा हे पत्र उशिरा मिळालं असा शेरा तुम्ही मारणार नाही असं धरून चालतो. मी एका सरकारी कचेरीत बारनिशीला नोकरी केली. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारून आवक क्रमांक टाकणारं टेबल म्हणजे बारनिशी. मुलगी शिकागोजवळ राहते. तिच्याकडे सहा महिने आलो, तर तिने एका शनिवारी गाडीत घालून तुमच्या जुन्या विधानभवनात आणलं. ही इमारत 1960 च्या दशकात दगड न् दगड उतरवून पुन्हा रचली, हे तुमच्या कानावर घालतो. राज्यपालांची खोली आहे. 1860 च्या निवडणुकीनंतर लिंकन याच खोलीत बसून भेटायला येणाऱ्यांना तोंड देत होते, आणि त्या येणाऱ्यांत नोकरी मागणारे किती असतील हे बारनिशीवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही. जानेवारीत तुम्ही खुर्चीवर आलात आणि रांग तुमच्या दाराशी आली.

त्या रांगेतल्या कागदांचा साचा मला पाठ आहे. "आम्ही खाली सह्या करणारे या जिल्ह्याचे नागरिक" अशी सुरुवात. मग उमेदवार किती सचोटीचा, कुटुंब किती मोठं, पक्षासाठी किती पायपीट केली. खाली सह्या: वकील, दुकानदार, पाद्री, पोस्टमास्तर. सही करणाऱ्याने अर्ज वाचलेला असतोच असं नाही, हे तुम्हालाही ठाऊक होतं आणि मलाही आहे. तुमच्याकडे न्यू यॉर्कचे एक सिनेटर होते, विल्यम मार्सी. जिंकणाऱ्याने शत्रूची लूट घ्यावी, तो त्याचा हक्कच आहे, असं त्यांनी 1832 मध्ये सिनेटमध्ये उघड सांगितलं. पुढच्याच वर्षी ते स्वतः राज्यपाल झाले. लुटीतला वाटा मागायला किती जण आले असतील, कल्पनाच केलेली बरी.

इलिनॉयात त्या मानाने वाटण्यासारखी पदं तुमच्या हातात फारशी उरली नव्हती. 1848 च्या घटनेने न्यायाधीशसुद्धा मतदानाने निवडायला लावले होते. पण एप्रिल 1861 मध्ये समटर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या, उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटलं, लिंकननी 75,000 माणसं मागितली आणि इलिनॉयच्या वाट्याला सहा पलटणी आल्या. मेक्सिकोच्या युद्धात राज्याने सहा पलटणी दिल्या होत्या, त्यांचा मान राखायचा म्हणून नवे क्रमांक तुम्ही 7 पासून सुरू केलेत. हे मला फार आवडलं. जुना क्रमांक पुन्हा वापरू नये, हा बारनिशीचा पहिला नियम. युद्ध संपेपर्यंत पायदळाचे क्रमांक 156 पर्यंत गेले. एका पलटणीत दहा कंपन्या, कंपनीमागे एक कॅप्टन आणि दोन लेफ्टनंट, शिवाय वर कर्नल, मेजर, सर्जन वगैरे. गुणाकार करा, पाच हजारांच्या वर सनदा, म्हणजे अधिकाऱ्यांची नेमणूकपत्रं, होतात. आणि त्यातल्या बहुतेकांवर तुमची सही.

या सगळ्या कागदांत एक माणूस होता, ज्याचा कागदच नव्हता: युलिसिस ग्रँट, जो पुढे सरसेनापती आणि मग राष्ट्राध्यक्ष झाला.

वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकलेला, मेक्सिकोत लढलेला, 1854 मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडलेला. मग सेंट लुइसजवळ शेती केली, ती बुडाली. सरपण विकलं. शेवटी गलीना गावात वडिलांच्या चामड्याच्या दुकानात भावांच्या हाताखाली. गावच्या कंपनीबरोबर तो स्प्रिंगफील्डला आला, कंपनी रुजू झाली, आता आपलं काम संपलं म्हणून रात्रीच्या गाडीने परत निघाला होता. जेवण करून हॉटेलाबाहेर पडताना दारात तुम्ही उभे होतात. तो तुम्हाला तोंडओळखीने ओळखत होता, बोलणं कधी झालं नव्हतं. तो बाजूने जाऊ लागला, तेवढ्यात तुम्ही "कॅप्टन" अशी हाक मारलीत, निघालात असं ऐकतो म्हणालात, आजची रात्र थांबून उद्या सकाळी कचेरीत या म्हणालात.

सकाळी तुम्ही त्याला ॲडज्युटंट जनरलच्या, म्हणजे लष्करी कागदपत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कचेरीत बसवलंत. कशाला? फॉर्म भरायला. हा प्रसंग त्याने स्वतः म्हातारपणी लिहून ठेवलाय आणि त्यातली कबुली वाचून मी मुलीच्या सोफ्यावर एकटाच हसलो. म्हणतो, मी कारकून नव्हतो आणि व्हायची कुवतही नव्हती. एखादा कागद पुन्हा सापडेल अशा ठेवायच्या जागा मला जन्मात दोनच सापडल्या. एक कोटाचा खिसा, दुसरी माझ्यापेक्षा काळजीवाहू कारकुनाचा हात. साहेब, हे वाक्य फ्रेम करून आमच्या टेबलामागे लावायला हवं होतं. पण तो क्वार्टरमास्टर, म्हणजे रसदीचा अधिकारी, राहिला होता, लष्करी फॉर्म त्याला माहीत होते, कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते सांगू शकत होता. त्या धांदलीत तुमच्या कचेरीत हे जमणारी माणसं किती असतील? ग्रँट तुमच्या डोळ्यांसमोर राहिला तो रकाने भरता येतात म्हणून. शौर्याचा तिथे काही संबंध नव्हता.

आता मुद्द्यावर येतो. ग्रँट मोठा झाल्यावर तुम्ही सांगितलंत की हा माणूस माझ्यापुढे आला तेव्हा त्याने स्वतःच्या गुणांचा उल्लेखही केला नाही. लष्करी शिक्षण घेतलंय, देशावर संकट आहे, कुठेही उपयोगी पडता आलं तर धन्य समजेन, एवढंच बोलला. ऐकायला छान आहे. लोकांनी पुढे त्याची कथा केली: न मागणारा ग्रँट.

पण त्याने मागितलं होतं. 24 मे 1861 ला वॉशिंग्टनला, थेट लष्कराच्या ॲडज्युटंट जनरलना, लोरेन्झो थॉमस यांना पत्र लिहिलं. पलटण सांभाळायला मी लायक आहे असं मला वाटतं, असं स्वच्छ लिहिलं. त्याआधी मनात किती घालमेल झाली तेही त्याने लपवलेलं नाही. कर्नलपद आपल्याला झेपेल का, अशी शंका होती. मग इलिनॉयचे जवळजवळ सगळे आणि इंडियानातले काही कर्नल बघून झाले, तेव्हा वाटलं, यांना जमत असेल तर आपल्यालाही जमेल. (तुमच्या नेमणुकांवर इतका सौम्य आणि इतका झोंबरा शेरा दुसऱ्या कुणी मारला नसेल.)

त्या पत्राला उत्तर आलं नाही. कधीच नाही. युद्धानंतर त्याची नक्कल मागवली, तर दप्तरात पत्रच नव्हतं. पुढे कधीतरी कचेरीचे कागद बांधताना कुठल्याशा कोपऱ्यात सापडलं. माझ्यासारख्याला हे वाचून घाम फुटतो. उत्तर न देणं एकवेळ समजू शकतो, पण आवक नोंदच नाही?

शिवाय तो सिनसिनाटीला जनरल मॅक्लेलन यांच्या मुख्यालयात दोन दिवस जाऊन आला. मेक्सिकोपासूनची ओळख, आपल्या कर्मचारीवर्गात घेतील अशी आशा. भेट झाली नाही. म्हणजे मागणं होतं, खेटे होते, बाहेरच्या बाकावर बसणं होतं. एक गोष्ट मात्र त्याने केली नाही. स्प्रिंगफील्डलाच जॉन पोप नावाचे अधिकारी म्हणाले, इथे माझ्या ओळखी आहेत, शिफारस देतो. ग्रँटने नकार दिला, देशासाठी लढायची परवानगी मिळावी म्हणून शिफारस घेणार नाही म्हणाला. अर्ज करायला त्याची ना नव्हती, वशिला लावायला होती. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तुमच्या भाषणात तो पुसला गेला.

आता 21 वी पलटण. मॅट्टूनला ती रुजू करून घ्यायला तुम्ही ग्रँटलाच पाठवलं होतंत. तिचा कर्नल मात्र जवानांनी मतं देऊन निवडलेला, गुड नावाचा. हे गुडसाहेब पहाऱ्यावरच्या शिपायांनाच बरोबर घेऊन शेजारच्या गावात जात आणि रात्र जागवत, असं बोललं जाई. पोरं खूश. पण तीन वर्षांसाठी सही करायची आणि खरोखर लढाईला जायचं अशी वेळ आली, तेव्हा याच पोरांना दुसरा कर्नल हवासा झाला. मग तुम्हाला रकाने भरणारा आठवला. साहेब, याला निवड म्हणू नका. पहिली निवड फसली, म्हणून दुसरं नाव पुढे आलं.

वशिल्याचं म्हणाल तर तो न लावताही लागला होता. गलीनाचे काँग्रेसमन एलिहू वॉशबर्न यांचा हात पाठीवर होता. काही आठवड्यांनी ग्रँट ब्रिगेडियर जनरल झाल्याची बातमी पेपरात आली, ती पलटणीच्या पाद्र्याने त्याला दाखवली. मी काही मागितलं नव्हतं, हे वॉशबर्न यांचंच काम दिसतंय, अशा अर्थाचं तो बोलला. खरंच होतं. ज्याच्या गावात वॉशबर्न नाही त्याने काय करावं, हा प्रश्न मी इथे वाढवत नाही.

तुम्ही न मागता दिलेली एक सनद मात्र मला निखळ आवडली. बेल रेनॉल्ड्स ही 17 व्या इलिनॉय पलटणीतल्या लेफ्टनंटची बायको. एप्रिल 1862 मध्ये शायलोच्या लढाईत तिने जखमींची शुश्रूषा केली आणि तुम्ही तिला मेजर करून टाकलंत. नवरा लेफ्टनंट, बायको मेजर! पद मानाचं, हाताखाली माणूस एक नाही, पण सनद सनदच. पुढे ती डॉक्टर झाली. सही करताना तुम्ही गालात हसला असाल असं मला वाटतं.

हे सगळं मी का घेऊन बसलोय? माझ्या निरोप समारंभाला शाल, श्रीफळ आणि घड्याळ देऊन साहेब म्हणाले, "यांनी आयुष्यात कधी काही मागितलं नाही." टाळ्या पडल्या. मी बढतीसाठी तीन अर्ज दिले होते. तिन्हींना आवक क्रमांक मीच टाकला होता. त्यातला एक तरी वर वाचला गेला असता, तर साहेब असं बोलले नसते. त्या वेळी मीसुद्धा हात जोडून हसलो. नारळ हातात असताना दुसरं काय करणार?

म्हणून विनंती एवढीच आहे की खालीलप्रमाणे शुद्धिपत्रक काढावं.

"कॅप्टन ग्रँट यांनी या कार्यालयासमोर स्वतःच्या गुणांचा उल्लेख केला नाही, या वाक्यानंतर पुढील मजकूर वाचावा: त्यांनी दि. 24 मे 1861 रोजी वॉशिंग्टन येथे लेखी अर्ज केला होता. अर्जाची पोच मिळाली नाही. सिनसिनाटी येथे ते दोन दिवस समक्ष हजर राहिले. भेट मिळाली नाही."

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त बारनिशी लिपिक

प्रत माहितीसाठी: मा. एलिहू वॉशबर्न, गलीना.