खेळाडूचा गुडघा कोणाचा? मा. क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी सव्वीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. आता निवृत्त आहे. माझ्या एका विद्यार्थ्याविषयी आणि त्याच्यासारख्या अनेकांविषयी लिहितो आहे. त्याचं नाव लिहीत नाही. त्याची तशी इच्छा आहे.

15 सप्टेंबर 2017 हा दिवस आपल्या खात्याच्या दप्तरी असेल. पुढच्याच महिन्यात सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होणार होते, आणि त्याआधी राज्यातल्या दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असं शासनाने ठरवलं होतं. आमच्या शाळेतही चेंडू आले. पाऊस सरत आला होता, मैदानात घोट्याएवढा लाल चिखल होता. आठवीतला एक मुलगा त्या चिखलातून चेंडू पायाशी घेऊन असा गेला, की मी शिट्टी वाजवायला विसरलो. वडील ट्रॉलरवर खलाशी, घर वाडीच्या टोकाला. त्या दिवसापासून चार वर्षं तो माझ्या मागे आणि मी त्याच्या मागे होतो.

आमच्याकडे फुटबॉल शिकायचा तर पोराला गोव्याकडेच बघावं लागतं. आरोंद्याचा पूल ओलांडला की पलीकडे किरणपाणी, तिथून पेडणे, मग म्हापसा. म्हापशाच्या धुळेर मैदानावर त्याने पहिल्यांदा हिरवंगार मैदान पाहिलं तेव्हा बूट काढून अनवाणी फिरून आला. बारावीनंतर तिथल्या एका क्लबने वीस वर्षांखालच्या संघाच्या सरावासाठी त्याला बोलावलं. आम्ही सगळे हुरळून गेलो. त्याच्या आईने माझ्या घरी नारळ आणि साखर आणून ठेवली.

आता माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही मागण्याचा मला अधिकार नाही.

तिकडे जायला तीन आठवडे होते आणि गावच्या जत्रेत सामने होते. पहिल्याच सामन्यात उडी मारून खाली येताना त्याचा पाय वळला. कोणाचा धक्का लागला नव्हता. बाहेर येऊन म्हणाला, "सर, गुडघ्यात कायतरी कट करून वाजला." संध्याकाळपर्यंत गुडघा शहाळ्याएवढा झाला. आम्ही मासळी बाजारातून बर्फ आणला, हाड बसवणाऱ्याकडून तेल चोळून घेतलं. आठ दिवसांनी सूज उतरली, तो सरळ चालायला लागला. अंतिम सामना होता. मी म्हटलं, "क्रेप घट्ट बांध आणि उतर." तो उतरला. दहाव्या मिनिटाला वळताना गुडघा निसटला आणि तो जो बसला, तो खेळाडू म्हणून परत उठलाच नाही.

पुढे एमआरआयमध्ये कळलं: एसीएल पूर्ण तुटलेला, आतली गादीही फाटलेली. गादी बहुधा दुसऱ्या वेळी फाटली असावी असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे ती माझ्यामुळे. सव्वीस वर्षं शिक्षक असून मला हे माहीत नव्हतं, की गुडघ्यात आवाज होऊन काही तासांत सूज आली तर तो गुडघा खेळवायचा नसतो. बी.पी.एड.ला आम्हाला प्रथमोपचार शिकवला होता, पण नंतर कोणी कधी आम्हा शिक्षकांना बोलावून हे सांगितलं नाही.

साहेब, एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगीचं हाड आतून बांधून ठेवणारा दोर. होडी दोराने बांधलेली असते तशी हाडं त्याने बांधलेली असतात. तो पूर्ण तुटला तर सहसा आपोआप पूर्वीसारखा जुळत नाही. पण माणूस सरळ चालू शकतो, आणि तिथेच घात होतो. "चालतंस मा? मग बरो झालंस," असं सगळे म्हणतात. वळलं, उतारावर पाय टाकला, हलत्या जागी उभं राहिलं की गुडघा सटकतो. शस्त्रक्रियेत त्याच्याच शरीरातली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, काढून नवा दोर बसवतात. त्यानंतर किमान नऊ महिने रोजचा व्यायाम लागतो, नवीन दोराला शरीर आपलं मानेपर्यंत. घाईने परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा तुटण्याचा धोका बराच जास्त असतो, हे अभ्यासांतून स्पष्ट झालेलं आहे.

खाजगीत ही शस्त्रक्रिया लाखाच्या पुढे जाते. ती कशीबशी झाली: वडिलांनी मालकाकडून उचल घेतली, मी आणि माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली. पण नऊ महिन्यांचा व्यायाम कोण करून घेणार? फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या गावी, तिथे जायला दोन एसट्या, आणि दर खेपेला फी. सहा आठवड्यांनी त्याने जाणं सोडलं. गुडघा पूर्ण वाकत नाही, मांडी बारीक झाली आहे.

मुंबईत बसून ही गोष्ट वाचली तर वाटेल, एका मुलाचं फुटबॉल सुटलं, वाईट झालं, आता दुसरं काही करेल. म्हणून आमच्या किनाऱ्याविषयी सांगतो. इथलं दुसरं काहीही गुडघ्यावरच उभं असतं. ट्रॉलरच्या फळीवर लाटेबरोबर क्षणाक्षणाला पाय वळवावा लागतो. तो वडिलांबरोबर एकदा गेला आणि जाळं ओढताना पडला. तांडेलाने, म्हणजे ट्रॉलरच्या प्रमुखाने, त्याला दुसऱ्यांदा घेतला नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायची तर ओल्या रेतीत पाय रोवावे लागतात. माडावर चढणं, कलमावर चढून घळाने म्हणजे जाळीच्या काठीने आंबे उतरवणं, चिऱ्याच्या खाणीवर काम, सगळ्याला धड गुडघा हवा. गोव्यातल्या कारखान्यांत आमची शेकडो मुलं रोज मोटारसायकलवरून ये-जा करतात. तिथे आठ तास उभं राहायचं असतं. पायाने कमावणाऱ्या घरात जन्मलेल्या मुलाचा पाय खेळात गेला, की खेळाबरोबर बापाचा धंदाही जातो. त्याच्या उपचाराला क्रीडा खात्याने खेळाडूची हौस समजू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. हा त्याच्या पोटाचा प्रश्न आहे.

पूर्वी दुसरी एक शिडी होती. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे, बँका यांचे संघ असत. मुलगा फार मोठा खेळाडू झाला नाही तरी खेळावर नोकरी लागे, आणि पाय गेला तरी टेबल राही. महिंद्र युनायटेडसारखा देशाचा विजेता संघही 2010 मध्ये बंद झाला. गोव्यात 2016 मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. वरती आयएसएलमध्ये, म्हणजे देशातल्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये, तेरा-चौदा क्लब; प्रत्येकी पंचवीस-तीस खेळाडू धरले तर सगळ्या देशाला मिळून चारशेच्या आत-बाहेर जागा, त्यातही काही परदेशी. 2025 मध्ये तर करारांच्या घोळात तो हंगामच लांबला आणि नावाजलेले खेळाडूही घरी बसले. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवने 2017 चा तो विश्वचषक भारताकडून खेळला याचा मला अभिमान आहे, आजही वर्गात मी त्याचं नाव घेईन. पण एक अनिकेत वर जातो तेव्हा खाली किती जण मोडून पडलेले असतात, त्यांची मोजदाद आपल्याकडे कुठेच नाही.

आपण म्हणाल, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. आहे, आणि ते चांगलं आहे. पण त्यासाठी स्पर्धेतलं प्रावीण्य दाखवावं लागतं, पदक दाखवावं लागतं, प्रमाणपत्राची पडताळणी करावी लागते. पदकाआधीच ज्याचा गुडघा गेला त्याने काय दाखवायचं, एमआरआयची फिल्म? केंद्राचा खेळाडू कल्याण निधी 1982 पासून आहे, तो प्रामुख्याने नाव कमावलेल्यांसाठी. शाळेतल्या मुलांसाठी अपघात अनुदानाची योजना आहे, ती बारावीपर्यंत. आमची मुलं मोडतात ती अठरा ते तेवीस या वयात, बारावी संपल्यावर आणि पदक मिळण्याआधी. नेमक्या त्या पाच वर्षांत खेळाडू म्हणून त्यांच्यावर फारसं कोणाचं छत्र नाही.

तेव्हा माझी पहिली विनंती ही, की जिल्हा किंवा विभाग पातळीवर शासनाच्या स्पर्धेत जो मुलगा वा मुलगी खेळली, त्याचं वा तिचं नाव तेविसाव्या वर्षापर्यंत विम्याखाली असावं. आणि त्या विम्यात एमआरआय व शस्त्रक्रियेबरोबर पुढचे नऊ महिनेही धरावेत. नऊ महिने धरले नाहीत तर शस्त्रक्रियेवरचा खर्च पाण्यात जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जिल्हा क्रीडा संकुलात आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट बसला, आणि महिन्यातून एकदा तालुक्यांना फिरला, तरी आमच्यासारख्यांना तो पुरेल. जिल्हा नियोजन समितीच्या निधीत हे बसवता येईल, आपण मनावर घेतलं तर.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. मुलींना एसीएल तुटण्याचा धोका मुलांच्या दुपटीहून अधिक असतो. आमच्या भागात आता मुली खेळायला लागल्या आहेत, आणि मुलीचा गुडघा गेला की घरात पहिला प्रश्न लग्नाचा निघतो, उपचाराचा नंतर. फिफाने तयार केलेला 'इलेव्हन प्लस' नावाचा वीस मिनिटांचा सराव आहे. धावणं, उडी मारून नीट उतरणं, तोल, मांडीचे व्यायाम, एवढंच त्यात आहे; साहित्य काही लागत नाही. तो नियमित करणाऱ्या संघांत दुखापती जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी झालेल्या दिसतात. प्रत्येक क्रीडा शिक्षकाला हा एका दिवसात शिकवता येईल. मला कोणी शिकवला असता तर.

दुसरी विनंती त्या मुलाच्या आजच्या दिवसाशी जोडलेली आहे. व्यायाम सोडल्यावर वर्षभर तो फारसा घराबाहेर पडला नाही. त्याची आई येऊन म्हणाली, "सरांनू, झील नुसतो बसान रवता. कोणाशी बोलणा नाय, मोबाईलवर म्याच लागली तर उठान जाता." मी रोज त्याच्याकडे जाऊन बसायचो. बोलायला माझ्याकडेही काही नव्हतं. एक दिवस वाडीतली लहान पोरं ओहोटीच्या रेतीवर खेळत होती, चेंडू त्याच्या अंगणात आला. त्याने तो हातात धरून ठेवला आणि पोरांना सांगितलं, "आधी उडी मारान कशी उतरतास ती दाखवा, मग चेंडू." तिथून सुरू झालं. आज रोज ओहोटीला पंचवीस पोरं त्याच्याकडे असतात. पाय वळला की खेळ तिथेच थांबवतो. कोणीही कितीही गळ घातली तरी त्या पोराला उतरवत नाही, मी घातली तरीसुद्धा.

पैसे एकही नाहीत. दिवसा तो एका दुकानात स्टुलावर बसून मोबाईल रिचार्ज करून देतो.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा 'डी' परवान्याचा प्रशिक्षक अभ्यासक्रम काही दिवसांचा असतो. पंचांच्याही परीक्षा असतात. फी, प्रवास, राहणं, आणि तेवढे दिवस बुडणारी मजुरी, एवढ्यावर आमची मुलं अडतात. दुखापतीने खेळ सुटलेल्या मुलांना खात्याने हे अभ्यासक्रम करून द्यावेत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत मानधनावर संध्याकाळचे दोन तास द्यावेत. आमच्या कित्येक शाळांत क्रीडा शिक्षक नाहीच. एकीकडे शिकवायला माणूस नाही आणि दुसरीकडे शिकवू शकणारा माणूस स्टुलावर बसला आहे.

आपला कोकण दौरा असेल तेव्हा अर्धा तास वेंगुर्ल्यासाठी काढावा. त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ मी आपल्या कार्यालयाला आधी कळवीन, कारण भरतीला मैदान पाण्याखाली असतं. तो पोरांना उडी मारून उतरायला शिकवतो ते बघा, आणि मग त्याच्याशी बोला. मला तो कधी तरी विचारतो, "सर, माका परत खेळूक गावतला काय?" त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडा शिक्षक
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग