खुर्ची हलवू नका

ती. आई-बाबांस, सा. न.

काल फोनवर मी भिंतीवरचे फोटो उतरवायचं काढलं आणि बाबा एकदम गप्प झाले. मग आई, तू फोन घेतलास आणि "बघू" म्हणालीस. तुझं "बघू" मला लहानपणापासून कळतं. फोनवर मी घाईत बोलते आणि हुकूम सोडल्यासारखं होतं, म्हणून नीट लिहायला बसले.

घर विकायचं आपलं सगळ्यांचं ठरलंय, दादानेही होकार दिलाय. तरी पुन्हा सांगते. बाबा जिन्यात घसरले त्या दिवसापासून अवेळी फोन वाजला की माझ्या पोटात धस्स होतं. नव्या जागेत एकही पायरी नाही. बाथरूमच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे बसवून घेतलेत. आई, तुझं शिवणयंत्र ठेवायचंय तिथे उजेड डावीकडूनच येतो, मी स्वतः उभं राहून पाहिलंय. बाबांच्या खुर्चीला सकाळचं ऊन मिळेल.

फोटोंचं एवढंच की घर बघायला येणाऱ्याला मनातल्या मनात तिथे स्वतःचं बिऱ्हाड मांडायचं असतं. भिंतभर आपण असलो की तो पाहुण्यासारखा अवघडून दारातच उभा राहतो. एकही फोटो अडगळीत जाणार नाही. मऊ चादरीत गुंडाळून प्रत्येकावर कुठल्या भिंतीवरचा ते लिहीन, म्हणजे नव्या घरात त्याच क्रमाने लावता येतील.

बाबा, "नटवून विकणं म्हणजे फसवणं" हे तुमचं वाक्य मला लागलं, कारण तसं मला करायचंच नाही. मागच्या खोलीतल्या ओलीवर नुसता रंग मारला असता तर फसवणं झालं असतं. आत ओल असली की पांढरे क्षार फुटतात, पोपडे सुटतात, आणि भोगायला लागतं नव्या माणसाला. म्हणून तर आधी गच्चीची भेग भरून घेतली आणि महिनाभर भिंतीला हात लावला नाही. ती पूर्ण वाळलीये याची खात्री करूनच रंगारी प्रायमर मारेल. आणि येईल त्याला आपण आपणहून सांगू की इथे ओल होती, ती अशी दुरुस्त केली. बाकी गळका नळ, करकरणारी बिजागरी, अडकणारी कडी ही तर आपणच कधीची करायला हवी होती.

आता दिवाणखान्याची भिंत. बाबांच्या खुर्चीमागे डोक्याच्या तेलाचा गोल डाग आहे, आणि त्याच्या बाजूला थोडा खाली एक लहान. तो माझा. पाढे म्हणून घेताना मी खुर्चीच्या हातावर बसायचे, तेराच्या पाढ्याला भिंतीला डोकं टेकायचे आणि तिथेच झोपायचे. मधे एकदा रंग दिला तर दोन्ही डाग पुन्हा वर आले, आठवतं? रंगारी म्हणाला, तेलावर पाण्यातला रंग नीट धरत नाही. आधी साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून, डाग अडवणारा ऑइल प्रायमर लावावा लागतो. ती भिंत मी स्वतः पुसणार आहे, रंगाऱ्याला सांगून ठेवलंय.

आता ऐका. आई, तू स्टुलावर चढायचं नाहीस, माळ्यावरचं सामान मी काढेन. फरशी घासताना आम्लाचा क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नकोस. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बाबांना दमा आहे. उंबरठ्याच्या संगमरवरावर आम्ल टाकायचंच नाही, चकाकी जाते. दिवाणखान्यात एक दिवा पिवळा आणि एक निळसर पांढरा आहे, त्याने खोली आजारी दिसते. मी सगळे 3000 केल्विनचे, म्हणजे एकसारख्या उबदार पिवळसर उजेडाचे आणतेय. सुगंधी फवारे नकोत, काहीतरी लपवल्यासारखं वाटतं. आपल्या घराचा वास आपल्या नाकाला सरावाने कळत नाही, त्यामुळे रोज सकाळी खिडक्या सताड उघड्या ठेवा, तेवढं पुरे. लोक कपाटंही उघडून बघतात, तेव्हा ती अर्धी रिकामी करू, म्हणजे जागा दिसेल. औषधं, पासबुकं, दागिने मात्र कुलपात.

लोक येतील तेव्हा तुम्ही दोघं दादाकडे जा, मी थांबेन. तुम्हाला हाकलतेय असं मनातही आणू नका. घरमालक समोर असले की माणसं नळ सोडून बघायलाही संकोचतात. आणि कुणी "ही भिंत पाडून टाकू" म्हणालंच, तर ते तुमच्या कानावर पडायला नको. मलाच ते ऐकवणार नाहीये.

बुधवारी सकाळी पोचते. तोवर जमेल तेवढंच करा, दमू नका, बाबांचा पंप हाताशी ठेवा. आणि बाबा, खुर्ची एकट्याने सरकवू नका, फार जड आहे. मी आल्यावर दोघं मिळून हलवू.

तुमची,
धाकटी