‘अमूर्त’ हा शब्द जपून वापरावा

महोदय,

चित्रप्रदर्शनांच्या बातम्यांत आणि परीक्षणांत ‘अमूर्त’ हा शब्द हल्ली इतका सैलपणे वापरला जातो, की जे पाहताक्षणी ओळखू येत नाही ते सारे अमूर्त, असा वाचकाचा समज व्हावा. पिकासोच्या १९३७ सालच्या ‘गेर्निका’लाही हे विशेषण लावलेले वाचनात आले, म्हणून हे पत्र. त्या चित्रात बैल आहे, विव्हळणारा घोडा आहे, मेलेले मूल घेऊन आक्रोश करणारी आई आहे. आकार मोडले आहेत, विषय मात्र कुठेही सुटलेला नाही. याला विरूपीकरण म्हणावे.

डच चित्रकार मोंद्रियानने झाडाची चित्रे पुन्हा पुन्हा काढत अखेर फांद्यांच्या नुसत्या रेषा उरवल्या. त्याच्या त्या प्रवासाला ‘अमूर्तीकरण’ हा शब्द चपखल बसतो. वासुदेव गायतोंडे यांच्या उत्तरकाळातील चित्रांपाशी मात्र तोही अपुरा पडतो. रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत, काढत त्यांनी जे पृष्ठभाग घडवले, त्यांच्यामागे वगळत जावे असे दृश्यच नव्हते, आणि म्हणूनच स्वतःच्या चित्रांना अ‍ॅब्स्ट्रॅक्ट न म्हणता ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे वस्तुनिरपेक्ष, म्हणणे पसंत करीत. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले, ते १९३९ मध्ये सुरू झाले तेच मुळी नॉन-ऑब्जेक्टिव्ह चित्रांचे संग्रहालय या नावाने! चित्रकाराने विचारपूर्वक निवडलेला शब्द बाजूला सारून आपण त्यांना सरसकट ‘अमूर्त चित्रकार’ म्हणतो, हे मला खटकते.

मराठीत आणखी एक पेच आहे. मूर्त म्हणजे ज्याला आकार आहे, जे इंद्रियांना जाणवते. मग कॅनव्हासवरचा रंग, त्याचा पोत, त्यावर पडणारा उजेड यांहून अधिक मूर्त ते काय? डच चित्रकार थिओ व्हान डूसबर्ग याने १९३० मध्ये असाच विचार मांडून अशा कलेला ‘काँक्रीट’, म्हणजे चक्क मूर्त, म्हटले होते.

रुळलेला शब्द हद्दपार करावा असे माझे म्हणणे नाही. पण जिथे चित्र कोणत्याही वस्तूचे नाही, तिथे ‘वस्तुनिरपेक्ष’ लिहावे, आणि जिथे माणूस, घोडा, घर ओळखू येते तिथे ‘अमूर्त’ टाळावे, एवढी विनंती आपल्या परीक्षकांपर्यंत पोहोचवावी.

आपला,
एक वाचक, मुंबई